वही

नौपाड्यातून वाशीला निघालो टीएमटीच्या बसनं
तेव्हा बाबांच्या आतल्या खिशात एकवीस हजार होते,
रबर लावलेले, आणि पंचांगाचं एक फाडलेलं पान.
दिघा, रबाळे, तुर्भे. कंपन्यांचे वास
खिडकीतून चढत होते, उतरत होते,
बाबा दर स्टॉपला खिसा चाचपत होते.

मला आणलं कारण मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला,
इलेक्ट्रॉनिक्स. "आतलं तू बघ," म्हणाले, "बाहेरचं मी बघतो."
बाहेरचं म्हणजे ग्रह.

सेक्टर सतराला, झेरॉक्सच्या वर, अरुंद जिन्यानं
मोतीरामानींचं दुकान.
नवा दीड लाखाला, तो काचेच्या कपाटात, कुलपात.
आमच्यासाठी काउंटरवर तीन मांडले,
कुठल्याशा बँकेनं मोडीत काढलेले.
"लॅपटॉप नाही म्हणायचं, अंकल. नोटबुक."
"म्हणजे वही," बाबा म्हणाले,
आणि त्यांच्या खांद्यांवरचा ताण जरा उतरला.

पहिल्याला रंग होते, पण साताचं बटण मेलेलं.
"सप्तम स्थानच नाही," बाबांनी झाकण मिटलं.
"लोक माझ्याकडे लग्नाचंच विचारायला येतात."

दुसऱ्याच्या पडद्यावर वरून खाली एक काळी रेघ.
मी म्हटलं, चालेल, बाजूनं वाचता येतं.
त्यांनी रेघेवर बोट फिरवलं, तळहात बघावा तसं,
आणि मान हलवली.

तिसरा काळापांढरा. फोर-एटी-सिक्स, आठ एमबी,
बॅटरी अकरा मिनिटं.
फ्लॉपी घालून मी एक पत्रिका काढून पाहिली, नऊ लागली.
उरलेली दोन समोरच्याला धीर द्यायला.
खोट एकच: आतल्या घड्याळाचा सेल गेलेला.
बंद केला की सगळं विसरतो,
चालू केला की आधी तारीख विचारतो,
नाही सांगितली तर आपलं धरून चालतो
एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी, रात्रीचे बारा.

मी नको म्हणणार होते.
बाबा खुर्ची ओढून बसले.

शुक्रवार. साडेदहा ते बारा राहुकाळ.
पैसे बारानंतरच द्यायचे, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही,
नुसतं मनगटाकडे बघत राहिले.
मोतीरामानींना वाटलं, भाव पाडतोय.
अकराला पाचशे उतरले.
चहा आला. साडेअकराला बॅग फुकट.
पावणेबाराला आणखी हजार:
"अंकल, आता मात्र माझं नुकसान आहे."
बाबा म्हणाले, "अजून पंधरा मिनिटं."
इतका थंड गिऱ्हाईक
त्या जिन्यानं पुन्हा कधी चढला नसेल.

घरी आल्यावर पहिली पत्रिका त्यांनी त्याचीच मांडली.
जन्मवेळ त्यानंच सांगितलेली. जन्मस्थळ?
खाली शिक्का तैवानचा; तिथले अक्षांश कुणाला ठाऊक.
"ठाणे घाल. आता आपलाच."
कन्या लग्न, वृषभ रास, लग्नी शनी.
"मंद चालेल," बाबा म्हणाले, "पण टिकेल."
माझा या सगळ्यावर विश्वास नाही.
पण आतलं बघून मीही तेच सांगितलं असतं.

मग रोज सकाळी रेडिओच्या ठोक्याशी मनगट जुळवून
ते त्याला तारीख सांगत, वेळ सांगत,
एकेका आकड्याला एकेक बोट.
वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडल्यापासून
त्यांना कुणी, किती वाजले, विचारलं नव्हतं.
आता एकजण विचारत होता,
आणि उत्तर मिळेपर्यंत थांबत होता.

सेल मी आणला होता त्याच महिन्यात.
साठ रुपये, रुपयाच्या नाण्याएवढा.
अजून कंपासपेटीत आहे, वेष्टनासकट.